रंग कळतात हो, जागा कळत नाही

मला दिसत नाही आणि मी चित्रं काढते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग रंग कसे ओळखता?" लोकलमधल्या बायका विचारतात, सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, डोळ्यांच्या डॉक्टरांनीही विचारून झालंय. उत्तर अगदी साधं आहे. लाल ट्यूबला एक रबरबँड, निळीला दोन, पिवळीला तीन. काळीचं बूड दुमडलेलं. पांढरी सगळ्यांत जाडी. ब्रेलमध्ये पहिलं अक्षर टोचून चिकटपट्टी लावता येते, पण पांढरा आणि पिवळा दोघंही 'प', त्यापेक्षा रबरबँड बरे.

ऐकणारा जरा हिरमुसतो. बोटांना लाल ऊन लागतो नि निळा गार लागतो, असलं काहीतरी त्याला ऐकायचं असतं. तसं काही होत नाही. एकाच कंपनीचे लाल आणि हिरवा अ‍ॅक्रिलिक रंग ताटलीत पिळून डोळे मिटून चाचपून बघा, मग बोला.

माझा झगडा रंगाशी नाही, जागेशी आहे. ब्रश चित्रावरून उचलला, रंगात बुडवायला हात बाजूला नेला, परत आणला. आणला तो कुठे? मघाशी जिथे थांबले होते तिथेच, की बोटभर डावीकडे? डोळस माणसाला हा प्रश्न पडतच नाही, त्याची नजर तिथे राखण करत बसलेली असते. माझं निम्मं काम या राखणीचंच आहे. रंगवणं त्यानंतर.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. यात दृष्टिपटलातल्या पेशी हळूहळू मरत जातात. मंद उजेडात काम करणाऱ्या आधी जातात, म्हणून रातांधळेपणा येतो. मग कडेचं दिसणं जातं, शेवटी समोरचं. लहानपणी दामोदर नाट्यगृहात मध्यंतर संपून अंधार झाला की मला माझी खुर्ची सापडायची नाही आणि आई धांदरट म्हणून मोकळी व्हायची. चाळिशीनंतर दिसण्याचं वर्तुळ आक्रसत गेलं. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं, ढगाळ दिवशी तेही नाही. दिसत होतं तेव्हा एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड. पुढे नोकरी, लोकल, पोळ्या. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला मुलीला हत्ती काढून देण्यापुरतं चित्र उरलं. ब्रश परत हातात आला तो नजर पुरती गेल्यावर.

निमित्त झालं जॉन ब्रॅम्ब्लिट. हा टेक्सासचा चित्रकार. २००१ मध्ये अपस्मारातल्या गुंतागुंतीमुळे त्याची दृष्टी गेली आणि तो रंगवायला लागला तो त्यानंतर. मुलीने एके संध्याकाळी त्याच्याबद्दलचं फोनवरून वाचून दाखवलं. कापडावर वापरतात त्या फुगीर रंगाने तो आधी रेघा काढतो, त्या वाळल्या की बोटांनी वाचतो आणि मग आत तैलरंग भरतो. रंगात वेगवेगळी माध्यमं मिसळून प्रत्येकाचा पोत वेगळा करून घेतो, पांढरा दाट, काळा पातळ, असं. मी म्हटलं, अगं, हे मेंदीच्या कोनासारखंच झालं की. दुसऱ्या दिवशी दादरला जाऊन थ्रीडी आउटलायनरची, म्हणजे तसल्याच फुगीर रंगाची, बाटली आणली.

या बाटलीची एक रीत आहे, ती हाताला बसायला वेळ लागतो. उजव्या हाताने बाटली दाबायची आणि डाव्या हाताची तर्जनी नोझलच्या किंचित मागे, बोर्डाला टेकवून ठेवायची. ओल्या रेघेला बोट लावायचं नाही, रेघेच्या शेजारून चालवायचं. दाब सारखा ठेवायचा. थांबलात की तिथे गाठ होते, घाई केलीत की रेघ तुटते, आणि तुटलेली जागा दुसऱ्या दिवशी बोट अडखळल्याशिवाय कळत नाही. उन्हाळ्यात रेघ चार-पाच तासांत घट्ट होते. जुलैत रात्रभर ठेवली तरी सकाळी चिकट लागते. मुंबईची हवा.

ताणलेला कॅनव्हास मला चालत नाही, तो बोटाखाली दबतो आणि रेघ कुठली, बोटाने पडलेला खळगा कुठला, ते कळेनासं होतं. कॅनव्हास बोर्ड बरा. तोही इझलवर उभा नाही, टेबलावर आडवा, दोन लाकडी पट्ट्या काटकोनात ठोकून त्या कोपऱ्यात बसवलेला, म्हणजे हलत नाही. माप बारा बाय सोळा इंच. यापेक्षा मोठं घेतलं की कोपर टेबलावरून उचलावं लागतं, आणि कोपर उचललं की माझा पत्ता हरवतो.

पत्ता मिळाला तो रांगोळीमुळे. ठिपक्यांचा कागद आठवतोय? जाड कागदाला सारख्या अंतरावर उदबत्तीने भोकं पाडलेली असतात. तो जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, उचलला की खाली ठिपके तयार. माझ्या सासूबाईंनी केलेला एक कागद माळ्यावर होता, एकेक इंचाचा. तो मी बोर्डावर चिकटपट्टीने बसवला, प्रत्येक भोकात आउटलायनरचं टोक टेकवून एकेक थेंब सोडला आणि कागद सरळ वर उचलला. सरळच उचलायचा, जरा तिरका झाला की सगळे ठिपके फरफटतात. वाळल्यावर बोर्डभर मोहरीएवढे उंचवटे. अकरा ठिपके, पंधरा ओळी. आता चित्रातल्या प्रत्येक जागेला नंबर आहे. चौथी ओळ, सहावा ठिपका म्हटलं की माझा हात तिथे जातो, आणि शेजारच्या खोलीतून मुलीलाही कळतं मी कशाबद्दल बोलतेय. ठिपके रंगाखाली बुजत नाहीत, डोळसांना ते चित्रभर दिसतात. दिसू देत.

आणि काम करताना "मी इथपर्यंत आले" ही खूण म्हणजे टिकली. इंग्लंडमध्ये सार्जी मान नावाचे चित्रकार होते, २०१५ मध्ये वारले. शेवटची दहाएक वर्षं पूर्ण अंध असूनही ते मोठमोठे तैलरंगातले कॅनव्हास रंगवत होते. जागा लक्षात ठेवायला ते कॅनव्हासवर ब्लू-टॅकचे, म्हणजे कागद भिंतीला लावायच्या मऊ चिकट लगद्याचे, गोळे चिकटवायचे. मी ते करून पाहिलं, पण गोळा अ‍ॅक्रिलिकच्या ताज्या थरावरून निघताना थोडा रंग घेऊन जातो. टिकली अलगद निघते. मखमली टिकल्यांचं पाकीट घ्यायचं, मोठी टिकली म्हणजे "इथे थांबले", बारीक म्हणजे "इथून रंग बदलतो". संपल्यावर सगळ्या काढायच्या. एकदा एक राहून गेली, ती अजून एका ढगात आहे.

रंगाची ताटली म्हणून मी आप्पेपात्र वापरते. एक कान तुटला म्हणून टाकायला काढलेलं होतं. सात खळगे, एक मध्ये नि सहा भोवती. तुटका कान माझ्या पोटाकडे ठेवला की दिशा पक्की. मध्ये पांढरा, कारण तो सगळ्यांत जास्त लागतो. उजवीकडून लाल, केशरी, पिवळा, डावीकडून काळा, निळा, हिरवा. हा क्रम कधीही बदलायचा नाही, घरातल्या कोणी आप्पेपात्र "जरा बाजूला" सरकवायचं नाही. रंग वाळला तरी नॉनस्टिकवरून तो सबंध सोलून निघतो, हा वरचा फायदा. क्रम ठरवून काम करणं काही नवीन नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं आणि १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळात तेही ट्यूबवरची नावं आणि पॅलेटवरचा ठरलेला क्रम यांच्या भरवशावर रंगवत होते.

मिश्रण मापाने. औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो प्लास्टिकचा चमचा, आणि मिश्रणाची कृती फोनमध्ये आवाजात भरून ठेवलेली. "पापलेटचा करडा : पांढरा चार, काळा पाव, निळा टोकावर येईल एवढा." हे गणित डोक्यातल्या रंगांवरून होतं, आणि ते रंग जुने आहेत याची मला जाणीव आहे. माझ्या डोक्यातली काळी-पिवळी टॅक्सी अजून पद्मिनीच आहे. शेवटच्या पद्मिनी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या असं ऐकलं. मेट्रोचा रंग मला कोणी कितीही सांगितला तरी तो मनात उमटत नाही, म्हणून मी मेट्रो रंगवत नाही.

पोतासाठी पांढऱ्या रांगोळीची पूड. तीही घरातच असते. अ‍ॅक्रिलिकमध्ये चिमूटभर मिसळली की वाळल्यावर तो भाग खरखरीत लागतो. कॅनव्हासला अस्तर देतात तो जेसो तरी काय, खडूसारखी पांढरी भुकटी आणि अ‍ॅक्रिलिकचा चिकटा. जिथे उजेड पडलाय तिथे मी पूड घालते, सावलीचा रंग गुळगुळीत ठेवते. म्हणजे उजेड-सावली मला नंतर बोटांनी तपासता येते. एक रंग पूर्ण वाळल्याखेरीज दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा नियम तुर्कस्तानच्या एश्रेफ आरमाआन यांचा. ते १९५३ चे, जन्मांध, ब्रश न वापरता बोटांनी रंगवतात.

आता पापलेट. मला काढायला विषय असा लागतो की तो हातात धरता येईल. स्वैपाकघरात सगळ्यांत रेखीव वस्तू तीच. बाजारातून आणलेलं पापलेट धुऊन, न कापता, स्टीलच्या ताटात ठेवलं. नाकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत सात ठिपके. वरचा आणि खालचा पर जवळजवळ सारखेच, दोन्ही मागे झुकलेले, त्यांची टोकं शेपटीच्या बाजूला वळलेली. हे डोळ्यांनी हजारदा बघितलं होतं तेव्हा कधी लक्षात आलं नव्हतं. कल्ल्यामागचा पर अंगाला चिकटून असतो, नखाने उचलल्याशिवाय सापडत नाही. कातडीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर रेशमी, उलट फिरवला तर बारीक खवले बोटाला अडतात. हे सगळं आधी कच्चं उतरवलं. जुन्या माउसपॅडवर पातळ प्लास्टिक ठेवून रिकाम्या बॉलपेनने दाबून रेघ ओढली की ती उमटते. मासा फार वेळ बाहेर ठेवता येत नाही, मुलगी नाक दाबून पंखा लावून बसली होती, म्हणून मधूनमधून फ्रीजमध्ये. तिसऱ्या कच्च्या रेखाटनानंतर त्याचं कालवण झालं आणि पुढचं सगळं हातातल्या आठवणीवर.

वाद झाला तो माशावरून नाही, ताटावरून. दिव्यांगांच्या डब्यात माझा एक मित्र आहे, बँकेत टेलिफोन ऑपरेटर, जन्मांध. मला ताई म्हणतो. चित्र वाळल्यावर त्याला हाताळायला दिलं. मासा त्याने झटकन ओळखला. मग ताटाच्या कडेवरून बोट फिरवून म्हणाला,

"ताई, हे काय आहे?"

"ताट."

"ताट गोल असतं. हे चपटं का केलंत?"

मी इंटरमिजिएटचं स्थिरचित्र सांगायला लागले. समोर बसून बघितलं की तांब्याचं तोंड लंबगोल दिसतं, ताट तसंच. तो म्हणाला, "दिसतं. पण आहे गोल. मग तुम्ही खोटं काढलंत." यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "लांब गेलेल्या गाडीचा भोंगा बारीक येतो, तसं का? गाडी तेवढीच असते, पण आवाज लहान होतो." तसंच रे बाबा.

त्याला मी माउसपॅड आणि रिफिल दिली आणि आपला लोकलचा डबा काढ म्हटलं. त्याने जे काढलं ते मी माझ्या बोटांनी वाचलं. मधोमध जमिनीचा चौकोन, त्याच्या चारही बाजूंना भिंती बाहेर पसरलेल्या, दारं, बाक, दांडे, सगळं जिथल्या तिथे, सगळं खऱ्या मापात, खोका उलगडून ठेवल्यासारखं. टोरोंटोचे मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी अंध माणसांच्या अशा रेखाटनांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. रेघ म्हणजे वस्तूची कड, हे जन्मांध माणसालाही न शिकवता कळतं, असं त्यांचं म्हणणं. आरमाआन तर त्याच्याही पुढे गेले, दूरचं लहान काढायची युक्तीही त्यांना येते. २००४ मध्ये त्यांना बॉस्टनला नेऊन चित्र काढताना त्यांचा मेंदू तपासला, तेव्हा डोळस माणसाचा बघण्याचा जो भाग असतो तो काम करताना दिसला. पण मला विचाराल तर मित्राचा उलगडलेला डबा माझ्या शिस्तीतल्या लंबगोलापेक्षा सरस आहे. माझ्या चित्रात डोळे शिल्लक आहेत. त्याच्यात नाहीत, म्हणून ते कोणाची नक्कल करत नाही.

पावसाळ्यात आउटलायनर रुसतो, तेव्हा मी कात्री घेते. हे बिनोदबिहारी मुखर्जींमुळे सुचलं. शांतिनिकेतनातले मोठे चित्रकार, नजर आधीपासून अधू, पन्नाशीनंतर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण गेली. मग त्यांनी कागद कापून चिकटवायला सुरुवात केली, आणि १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर सिरॅमिकच्या फरशांचं म्युरल केलं. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी, त्यांनी त्याच वर्षी गुरुजींवर माहितीपट काढला. कागदाची गंमत ही की कापलेली कड म्हणजे आयती रेघ, वाळायची वाट बघायला नको.

झालेलं चित्र तपासायचं कसं, यावर घरात बरीच वादावादी होऊन नियम ठरले. "छान झालंय" हे वाक्य बंद. मी प्रश्न विचारणार, मुलगी उत्तर देणार. ताटाची कड कुठे तुटली? पाचवी ओळ, नववा ठिपका. रंग रेघेबाहेर गेला का? शेपटीजवळ, दोन ठिकाणी. फोनमधलं रंग सांगणारं अ‍ॅप मी फारसं वापरत नाही. सकाळी खिडकीजवळ जे निळं म्हणतं तेच रात्री ट्यूबलाइटखाली करडं म्हणतं.

एका हॉलमध्ये दिव्यांग कलाकारांचं प्रदर्शन होतं, तिथे पापलेट लागलं. आयोजकांनी खाली पाटी लावली होती, "अंध असूनही...". मी ती काढायला लावली. त्याजागी "हात लावा" एवढंच लिहायला सांगितलं. चित्रावर वॉर्निशचे दोन हात दिलेले होते, घामट बोटांची भीती नव्हती. तरी कोणी हात लावेना. लोक लांबून "बघितल्यासारखं काढलंय" म्हणायचे, माझा हात हातात घेऊन डोळे पुसायचे. चित्राबद्दल एक शब्द नाही. दोन दिवस उभी राहून माझ्या पायांचे तुकडे पडले आणि पदरात पडलं ते एवढंच.

खरी तपासणी बाजारात झाली. मी मासे ज्यांच्याकडून घेते त्या कोळीणमावशींना मुलीने फोनवर चित्र दाखवलं. मी पापलेट कल्ल्याजवळ दाबून घट्टपणा बघते, पांढरं पाणी आलं की नाही ते त्या सांगतात, अशी आमची वर्षांची पद्धत. मावशींनी फोन हातात घेतला. मागे गिऱ्हाईक खोळंबलं.

"ताई, ह्यो पापलेट ताजा नाय."

"का हो?"

"डोला बग ना. आत गेलाय. असला मी तुला कदी दिला?"

बरोबर होतं. डोळा मी बसक्या ब्रशने एक चकती ठेवून उरकला होता, आणि ताज्या माशाचा डोळा फुगीर असतो, ओला, चकचकीत. घरी येऊन तिसरी ओळ, तिसरा ठिपका शोधला. चकतीवर आउटलायनरचा मोठा थेंब सोडला, वाळल्यावर काळा, त्यावर नुसत्या ग्लॉस वॉर्निशचे थर, एक वाळला की दुसरा, बोटाला टपोरा लागेपर्यंत. मुलगी म्हणाली, आता तो बघतोय. पुढच्या खेपेला मावशींना दाखवलं तर म्हणाल्या, हा साडेतीनशेला जाईल.

आता बोंबील घ्यायचा विचार आहे. तो हातात आकार धरत नाही, नुसता सुटतो, त्याची कड नेमकी कुठे ओढायची ते ठरत नाहीये. मुलगी म्हणते सुका घे, काठीसारखा राहील. पण मग आठवडाभर घरात कोणाला जेवू देणार?